दीडपटीतला पंचम

"ताईला धाप लागलीय का गं?"

रविवारची सकाळ. मी मटार सोलत होतो, भाची ओट्यापाशी कांदा चिरत होती आणि तिचा फोन पोह्यांच्या डब्याला टेकून उभा होता. त्यातून माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आई, नाशिकहून बोलत होती. आमची ताई म्हणजे एका वाक्यात दोनदा उठून दूध बघून येणारी बाई. ती आज मागे कुत्रं लागल्यासारखी बोलत होती.

"धाप कसली, टू एक्सवर लावलंय," भाची म्हणाली. कांद्यावरची नजरसुद्धा न हलवता.

"स्वतःच्या आईला?"

"चार मिनिटं बारा सेकंदांचा मेसेज आहे, मामा. टू एक्सवर दोन मिनिटं सहा सेकंद. आणि त्यात बातम्या किती? सिलिंडर आला. आत्याच्या साठीचा कार्यक्रम चौदा तारखेला. संपलं. अकरा सेकंदांचा ऐवज."

"आणि उरलेली चार मिनिटं?"

"हं... तर मी काय सांगत होते..." तिनं आईची हुबेहूब नक्कल केली.

माझं म्हणणं असं की तोच खरा मेसेज. सिलिंडर नुसतं निमित्त. तिचं म्हणणं असं की निमित्त कळलं की झालं. तिथून जे सुरू झालं ते मटार संपले, पोहे झाले, भांडी घासून झाली तरी चालूच राहिलं. आठवेल तसं लिहून काढतो आहे. माझी बाजू अंमळ जास्त आली, तर लिहिणाऱ्याचा तेवढा हक्क समजावा.

आधी आम्ही दोघं कोण ते सांगतो, नाहीतर या भांडणाची चव कळायची नाही. मी तीस वर्षं मराठी नाटकांचं पार्श्वसंगीत वाजवलं. दिलं नाही, वाजवलं. मागच्या खोलीत बसून, बरोबर त्या शब्दावर. भाची अंधेरीच्या एका स्टुडिओत पॉडकास्ट एडिट करते आणि माझ्याकडे डोंबिवलीला राहते. म्हणजे जन्मभर मी शांतता जागेवर ठेवायचं काम केलं, आणि ही शांतता कापायचा पगार घेते. तिच्या कम्प्युटरवर तशी सोयच आहे: अमुक इतक्या वेळापेक्षा लांब शांतता सापडली की आपोआप छाटायची. तेंडुलकरांनी नाटकाच्या नावात शांतता सगळ्यात आधी ठेवली. हिच्या हाती ते नाटक लागलं असतं तर नुसतं 'कोर्ट' उरलं असतं, असं मी म्हणालो.

"त्या नावाचा सिनेमा आलाय की. चैतन्य ताम्हाणेचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला."

"बघितलास?"

"दोनदा."

"टू एक्सवर?"

ती जरा थांबली. त्या सिनेमात कॅमेरा एका जागी बसतो आणि कोर्टातलं कामकाज जितक्या संथपणे चालतं तितक्याच संथपणे आपल्याला बघायला लावतो. शेवटाकडे बंद झालेल्या कोर्टात दिवे एकेक करून मालवतात, तेही आपण बसून बघतो.

"तो नाही," ती म्हणाली. "तो तसाच बघायचा असतो."

"मग आईच तेवढी..."

"आईला कुठे राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय!"

हे उत्तर मला आवडलं, म्हणून मी पहिला डाव सोडून दिला.

दुसरा डाव मी माझ्या अंगणात नेला. माझ्या काळात नाटकातला प्रत्येक आवाज वेगळ्या कॅसेटवर असायचा. कॅसेटच्या तोंडाशी पाचेक सेकंदांची कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. तिथून वाजवायला बसलात तर नायक 'काय ही वीज!' म्हणतो आणि वीज पाच सेकंदांनी पडते. म्हणून प्रत्येक कॅसेट पेन्सिलनं फिरवून अगदी आवाजाच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची. पेन्सिल सहा कोनांचीच हवी, ती त्या दातेरी चाकात चपखल बसते. गोल पेन नुसतं घसरतं. माझ्या समोर दहा-बारा कॅसेटी ओळीनं मांडलेल्या, पाठीवर चिकटपट्टी: 'गडगडाट', 'ट्रेन – लांबून', 'फोन – दोनदा'. बोट बटणावर, कान नटाच्या श्वासावर. पॉज म्हटलं की अजूनही लोकांना विक्रम गोखले आठवतात. तसला नट समोर असला की त्या पॉजभर बोट अधांतरी धरून बसायचं. लवकर दाबलं तर त्याचं वाक्य मेलं, उशिरा दाबलं तर माझी नोकरी.

"म्हणजे तुला शांततेचा पगार मिळायचा," भाची म्हणाली.

"नाईट. पगार कसला, प्रयोगामागे नाईट मिळायची."

"मला आवाजाचा मिळतो. लोक कुठे ऐकतात ठाऊक आहे का तुला? लोकलमध्ये, लोंबकळत. तिथे बोलणारा दोन सेकंद गप्प बसला तर त्यांना वाटतं, नेट गेलं."

हेही खरं. आमच्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असायचं, दार बंद असायचं, तिसरी घंटा झालेली असायची. नटाच्या शांततेला भिंती होत्या. हिच्या ऐकणाऱ्याची शांतता ठाणे स्टेशनात दारातून बाहेर पडते.

मग मी हुकमाचं पान काढलं.

"कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते. नव्वद मिनिटांची कॅसेट घे, एकेका बाजूला सव्वाशे मीटरच्या वर फीत धावते. ती दीडपट वेगानं पळवलीस तर आवाज नुसता घाईत येत नाही, वर चढतो. किती चढतो?"

"कार्टूनसारखा."

"किती ते सांग. कंपनं दीडपट झाली. दीडपट म्हणजे सा चा प. अगदी नेमका पंचम. दुप्पट केलीस तर तार षड्ज. सव्वापट केलीस तर शुद्ध गंधार. आता तुझ्या यूट्यूबवरची तीन बटणं काढ. १.२५, १.५, २. ग, प, सां. बटणं कसली, तानपुरा आहे तो! तारा सा-प च्या लावायच्या, आणि नीट जुळल्या की आतून आपोआप ऐकू येतो तो गंधार."

चाकू खाली ठेवून तिनं खरोखरच फोन उघडून बघितलं. तिला सुरांचा कान आहे, नाशिकला पाच वर्षं गाणं शिकली आहे. "हे भारी आहे," ती म्हणाली आणि पुढच्याच क्षणी माझ्या पानावर दुर्री टाकली. "पण फोनमध्ये आई कुठे पंचमात जाते? सूर तोच राहतो ना. फोन आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो, सेकंदाच्या काही शतांशांचे. मधले काही गाळतो, उरलेले कडेनं एकमेकांवर चढवून जोडतो. सांधा दिसत नाही."

"म्हणजे दीडपटीला तिनातला एक तुकडा टाकून देतो."

"साधारण तितकाच वेळ गळतो, हो."

"आणि टू एक्सला निम्मी ताई."

"निम्मी ताई नाही, मामा. प्रत्येक शब्द येतो. 'आ' लांब असला तर आखूड होतो, इतकंच."

"तिच्या 'आ'तच तर सगळं असतं. 'आत्या बरी आहे' यातला 'आ' किती लांबला, त्यावर आत्या किती बरी आहे ते कळतं."

यावर ती हसली, कारण आत्याच्या बाबतीत ते तंतोतंत लागू आहे. पण ती माझीच भाची. तिनं विचारलं, "तू प्रयोगाला शिवाजी मंदिरला कसा जायचास?"

"लोकलनं."

"स्लो की फास्ट?"

मला पुढचं दिसलं, पण खोटं बोलता येईना. "फास्ट."

"कांजूर, विक्रोळी, विद्याविहार... कधी उतरलास तिथे?"

"काम काय?"

"माणसं राहतात तिथे. खरा प्रवास तोच, दादर नुसतं निमित्त! तीस वर्षं तू विक्रोळी खिडकीतून बघितलंस. मी आईचं 'तर मी काय सांगत होते' खिडकीतून बघते. फास्ट लोकल काढणाऱ्याला कधी शिव्या दिल्यास का?"

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसापुढे हा मुद्दा मांडणं हा खरं तर फाऊल आहे. इथला कुणीही फास्ट लोकलविरुद्ध शपथेवर बोलणार नाही.

मी घाईनं संगीताकडे वळलो, तर तिथेही ती आधीच येऊन बसलेली. महिन्यापूर्वी तिनं ग्रामोफोनवरच्या एका पॉडकास्टचे सहा भाग कापले होते. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. तबकडीत जागा जेमतेम तीन मिनिटांची. शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला हे गाणं कुणाचं ते कळायला हवं.

"रात्र रात्र गाणारी ती बाई. तिचं गाणं तीन मिनिटांत, आणि त्यातही सही करायला वेळ राखून ठेवलेला," भाची म्हणाली. "हे टू एक्स नाही, ट्वेंटी एक्स झालं. आणि त्या तीन मिनिटांवर तुमच्या पिढ्याच्या पिढ्या रडल्या."

"पण ते भरभर वाजवलेलं नव्हतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते गाणाऱ्यानं ठरवलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐक, तीन मिनिटांत घाईचा मागमूस नाही. गाळायचं तर ज्याचं आहे त्यानं गाळावं. तू ऐकणारी. तुला कुणी अधिकार दिला?"

हे वाक्य मी भांडणाच्या सुरुवातीपासून शोधत होतो. ते सापडल्याच्या आनंदात मी चहा टाकला. तो उकळायच्या आत तिनं ते मोडलं.

"बालगंधर्वांच्या नाटकांना प्रेक्षक वन्स मोअर देऊन देऊन पहाट करायचे ना?"

"करायचे."

"ते नाटककाराला विचारून? देवलांनी, गडकऱ्यांनी लिहून ठेवलं होतं का, की हे पद पाच वेळा म्हणावं? 'एकच प्याला'तली सिंधू तिकडे दुःखात, आणि प्रेक्षक म्हणतात, पुन्हा रड, छान रडतेस. ते तुम्हाला चालतं. त्याला तुम्ही रसिकता म्हणता. नाटक लांबवायचा अधिकार प्रेक्षकाला आहे, मग आटपायचा का नाही?"

याला मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. 'लांबवणं हे प्रेमापोटी असतं' असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर तिनं विचारलं, "आणि आईचा सगळा मेसेज शेवटपर्यंत ऐकणं कशापोटी असतं? माझ्या ऑफिसात निम्मे लोक घरचे मेसेज उघडतच नाहीत. टू एक्स आहे म्हणून मी उघडते तरी."

चहा पिताना मी एक गोष्ट सांगितली. ती माझ्याच विरुद्ध जाते, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही. नाटकं कमी झाली तेव्हा मी रविवारी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर घ्यायला जात असे. मोठ्या हौसेनं वाचायचो, नाटकातला माणूस ना. विराम, उसासे, आवाजाचे चढउतार. एकदा तिथे येणारे एक अंध गृहस्थ भेटले, बँकेत टेलिफोन ऑपरेटर. मी विचारलं, कसं वाटलं माझं वाचन? ते म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण फार सावकाश वाचता हो तुम्ही. मी वेग वाढवूनच ऐकतो." अशा कॅसेटींसाठी वेग बदलता येणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. माझ्या सगळ्या विरामांचं त्यांनी भुस्कट केलं होतं आणि कादंबरी दीड दिवसात संपवली होती. वर तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त बोलले.

"बघ!" भाची म्हणाली. "आमच्या स्टुडिओत एक अंध मुलगा येतो. त्याचा फोन त्याला स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्या वेगात आपल्याला एक अक्षर कळत नाही. पाऊस पडल्यासारखं वाटतं. डोळस माणूस पान चाळतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की लेखकाचा अपमान झाला. कानानं चाळलं तर लगेच अपमान?"

"पण यंत्रानं सावकाश व्हायलाही शिकवलंय," मी म्हणालो. "एलपी बाजारात आली १९४८ साली, पण त्या मंद वेगाच्या तबकड्या अमेरिकेत त्याआधीच, १९३४ पासून, अंधांच्या बोलक्या पुस्तकांसाठी निघत होत्या. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तरऐवजी तेहतीस फेरे घ्यायला लागली आणि तिच्यावरच्या खाचाही बारीक झाल्या म्हणून एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि म्हणून आमच्यासारख्यांना घरबसल्या विलंबित ख्याल ऐकता आला. तुझ्या फोनमध्ये ०.५ आहे ना? ते कधी दाबलंस?"

"नाचाच्या स्टेप शिकताना."

"बरं."

"आणि कोल्हापूरच्या मैत्रिणीचा मेसेज आला की. ती जन्मतःच टू एक्स आहे."

मधला थोडा भाग मी उरकतो, कारण तो कुठल्याही घरात होतो तसाच झाला. मी कसोटी क्रिकेट काढलं. आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी, १९६४ सालच्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध, सलग एकवीस षटकं निर्धाव. पूर्ण आकडे ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. तिनं गावसकर काढले. १९७५ चा विश्वचषक, लॉर्ड्स, साठ षटकांच्या सामन्यात समोर ३३५ चं लक्ष्य असताना १७४ चेंडूंत नाबाद ३६. "याला टू एक्स लावला असता तरी ७२ च झाले असते," ती म्हणाली. मी सवाई गंधर्व महोत्सव काढला. रात्रीच्या रात्री चालायचा, लाऊडस्पीकरच्या दहाच्या नियमानं तो दिवसाउजेडी आणला, आता पहाटेचे राग पहाटे ऐकायला कुठे जायचं? तिनं विचारलं, गेल्या दहा वर्षांत तू किती वेळा गेलास? मी विषय बदलला. तिनं नेटफ्लिक्सचं सांगितलं. २०१९ साली त्यांनी फोनवर वेग बदलायची सोय करून बघितली तेव्हा ब्रॅड बर्ड, जड अपाटाव असे हॉलिवूडचे दिग्दर्शक खवळले होते, तरी पुढच्या वर्षी ती आली ती आलीच. "म्हणजे तू एकटा नाहीस," ती म्हणाली. हॉलिवूड आपल्या बाजूनं आहे याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खरी ठिणगी पडली ती पुलंवरून. तिनं बोलता बोलता सांगून टाकलं की ती 'अंतू बर्वा' सव्वापटीत ऐकते.

मी भांडं विसळत होतो ते तसंच ठेवलं.

"अगं, समोर प्रेक्षक बसलेत त्यात! पुलं बोलतात, लोक हसतात, तो हशा विरेपर्यंत ते थांबतात आणि अगदी शेवटच्या हसणाऱ्यावर पुढचं वाक्य टाकतात. ते थांबणं दोघांनी मिळून केलेलं आहे. तू ते कापतेस."

"हशाही सव्वापटीतच येतो ना, मामा. ते थांबतातही सव्वापटीत. प्रमाण तेच राहतं."

"थांबणं प्रमाणात मोजायचं नसतं. थांब, तुला दाखवतोच."

आणि मी नानांची कॅसेट काढली.

नाना म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. पोस्टात होते आणि नाट्यगीतं गायचे. १९८७ च्या गणपतीत नाशिकच्या घरी ते गायले, ते मी नव्या कोऱ्या नव्वदच्या कॅसेटवर घेतलं होतं. त्यांचा आवाज एवढाच उरला आहे. ती कॅसेट मी वर्षातून दोन-तीनदा ऐकतो, माझ्या जुन्या डेकवर, दार लोटून. गाणं सुरू व्हायच्या आधी नाना म्हणतात, "आता एक जुनं घेऊ." मग थांबतात. पेटीचा भाता हलल्याचा आवाज येतो. मग षड्ज लागतो. ते थांबणं आणि तो षड्ज यांच्यामधली जी जागा आहे, तिच्यावर मी दोन ठिकाणी भाषण दिलेलं आहे. त्यांचा घसा त्या दिवशी बसला होता, म्हणून त्यांनी नेहमीची काळी एक सोडून पांढरी एक घेतली, आणि त्या एका पट्टीनं खाली उतरण्यामुळे गाण्याला तो भारदस्त संथपणा आला, असं मी लोकांना सांगत आलो आहे.

डेक लावला. नाना म्हणाले, "आता एक जुनं घेऊ." थांबले. भाता. षड्ज.

"बघितलंस?" मी म्हणालो.

भाची डोळे बारीक करून ऐकत होती. नानांची तीच पेटी आमच्याकडे कपाटावर आहे. ती उठली, पेटी खाली काढली, धूळ पुसली आणि पांढरी एक दाबली. जुळली. काळी एक दाबली. आवाज नानांच्या आवाजाशी कचाकचा भांडायला लागला.

"आजोबांचा घसा बसलेला वाटत नाही, मामा. वरच्या जागा आरामात घेतायत. तुझ्याकडे विकतची कॅसेट आहे एखादी? नाट्यगीतांची?"

होती. वसंतराव देशपांड्यांची. ती तिनं डेकमध्ये घातली आणि तेच पद फोनवर शोधून दोन्ही एकदम सुरू केलं.

एका खोलीत दोन वसंतराव अर्ध्या सुराच्या अंतरावर एकमेकांशी भांडतात, हे फारच भयंकर ऐकायला लागतं. मुखडा संपतो न संपतो तोच फोनवाले वसंतराव पुढे निघून गेले आणि डेकवाले मागून ओढत येत राहिले.

मी डेक उलटा करून मागचं झाकण काढलं. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांचं करत आलो होतो. मोटरवरून जडचाकावर जाणारा रबरी पट्टा असतो, हातातल्या बांगडीएवढा. त्याच्यावर ताण राहिला की फीत वेगात राहते. हा पट्टा बोटानं उचलला तर लोंबायला लागला, आणि बोटाला काळं चिकट लागलं. किती वर्षं असा होता देव जाणे. पट्टा एका दिवसात सैल होत नाही. महिन्याला केसाएवढा होतो, आणि कानही त्याच्याबरोबर केसाएवढा सैल होत जातो. पट्टी उतरलेली जाणवली तेव्हा माझ्या कानानं यंत्राला दोष दिला नाही, वडिलांच्या घशाला दिला.

"अर्धा सूर म्हणजे किती?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"साधारण सहा टक्के."

तिनं लॅपटॉप आणला, डेकला वायर जोडली, नानांचं सगळं गाणं आत घेतलं. मग वेग आणि सूर दोन्ही बरोबर चढतील असं करून ते सहा टक्क्यांनी वर नेलं. तुकडे गाळून नाही, माझ्या पद्धतीनं. फीत जणू पळवून. पेटीवर काळी एक धरून ठेवली.

नाना म्हणाले, "आता एक जुनं घेऊ."

हा माणूस तरुण होता. आवाजाला धार होती. थांबला, पण फार नाही. भाता हलला आणि षड्ज लगेच लागला, काळी एकमध्ये, पेटीत विरघळून गेला. ज्या जागेवर मी भाषणं दिली होती ती जागा होती, पण तिथे उभं राहायला फारशी फुरसत नव्हती. अंतऱ्याच्या अलीकडे मागून माझ्या आईचा आवाज येतो, तो इतकी वर्षं मला गाणं ऐकताना सुखावलेल्या बाईचा वाटायचा. आता स्वच्छ कळलं, ती 'आटपा, आरतीला लोक आलेत' म्हणते आहे. आणि नाना खरंच आटपत होते. तानेत घाई होती, चांगली, मिश्कील घाई.

भाची काही बोलली नाही. मुद्दाम बोलली नाही, हे मला कळत होतं. एवढी शांतता तिनं कापली नाही, याची मी नोंद घेतली.

शेवटी मीच म्हणालो, "तुझ्या फोनवर १.०६ असं बटण असतं का?"

"नाही. एकदम १.२५ वर उडी."

"म्हणजे थेट गंधारावर."

"थेट गंधारावर."

तेवढ्यात ताईचा आणखी एक मेसेज आला. पाच मिनिटं तीन सेकंद. आम्ही दोघांनी फोनकडे बघितलं. भाचीनं तो उचलून माझ्या हातात दिला आणि ती पेटी पुसायला बसली. मी लावला. ताई म्हणाली, "हं... तर मघाशी राहिलंच सांगायचं," आणि उठून दूध बघायला गेली. भांडं सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी बेल वाजवली, आणि दीड मिनिट नाशिकचं स्वयंपाकघर नुसतं चालू राहिलं. माझं बोट दोनदा त्या बटणाकडे गेलं, हे कबूल करतो.

पट्ट्याचं बघायला हवं होतं. भाची म्हणाली, माप सांग, मागवते, दोन दिवसांत दारात येईल. मी म्हणालो, असला पट्टा हातात घेऊन, ताणून बघितल्याशिवाय घेता येत नाही. लॅमिंग्टन रोडला जाईन.

"कसा जाशील? स्लो की फास्ट?"

"दादरपर्यंत फास्ट," मी म्हणालो. "पुढे ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही."